बांधाची उंची

तीन विभागांचं एकच टेबल,
त्यावर कालच्या सभेतलं उरलेलं जिऱ्याचं चीज.
खिडकीबाहेर डेल्फ्टचा कालवा,
त्यात एक सायकल, अर्धी बुडालेली, कोणाचीच नाही.

व्हिलेमाइन अभियंता. तिला माती कळते:
लाट किती चढते, उतार किती पितो,
गवताची मुळं कुठवर धरून ठेवतात.
ती म्हणते, पंचेचाळीस सेंटिमीटर वाढवा.

योरिस अर्थशास्त्राचा.
दोन वक्र, एक चढता, एक उतरता;
छेदतात तिथे तो बोट ठेवतो:
एवढाच बांध शहाणा. त्यावरची माती उधळपट्टीची.

टीनेके नीतिशास्त्राची. बराच वेळ गप्प.
मग, ‘शहाणा, पण कोणासाठी?’
योरिस घड्याळाकडे बघतो.

मी चौथी. मला अजून पदवी नाही,
ओळखपत्र आहे आणि भाड्याची व्हॅन.
झीलंडच्या त्या खोलगट गावात मी
दोनशे अकरा दारं वाजवली.
प्रश्न छापील, गोड:
बांध दहा सेंटिमीटर उंच व्हावा म्हणून
वर्षाला किती युरो द्यायला तयार आहात?

एकानं लिहिलं पंचवीस.
एक म्हणाला, कुत्रा देतो, घेऊन जा.
मास्तरांनी चारशे लिहिले
आणि बायको कॉफी घेऊन आली तेव्हा
एक शून्य खोडलं.

एकशे सदतिसावं दार यिक्केमीनबाईंचं.
वय ब्याऐंशी, हातात बटाटे सोलायची सुरी.
प्रश्न दोनदा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
‘त्रेपन्न साली आम्ही माळ्यावर होतो.
खाली गाय हंबरत होती.
मग हंबरेना.’
बटाटा पाण्यात टाकला.
‘तू झोपतेस, पोरी, ती जमीन समुद्राच्या वर की खाली?’
मला ठाऊक नव्हतं.

फॉर्म परत दिला. नाव-पत्ता वळणदार.
रकाना कोरा.
कोपऱ्यात ओल्या अंगठ्याचा डाग.

आकडे भरता भरता मध्यरात्र उलटली, तेव्हा दिसलं:
रकाना कोरा असला की प्रणाली
आपणहून शून्य घालते.
चूक नव्हे, सोय. कोणीतरी कधीतरी,
बहुधा शुक्रवारी दुपारी, करून ठेवलेली.
शून्य म्हणजे, या बाईंना पुराचं काही नाही.
शून्य म्हणजे, गाय हंबरलीच नाही.
असे कोरे एकोणीस.
त्यांच्या शून्यांनी वक्र सरकतो,
बांध सात सेंटिमीटर ठेंगणा होतो.
मी हात दिव्याखाली धरला.
सात म्हणजे माझी अनामिका.

सकाळी योरिस म्हणाला, ‘वगळ ना. कोरे वगळतातच.’
टीनेके म्हणाली, ‘वगळलं तरी त्यांच्या वतीनं
आपणच बोललो.’
‘मग काय लिहू? गाय?’
कोणी हसलं नाही.
व्हिलेमाइननं खिशातली टेप काढली,
टेबलावर सात मोजले,
टोकाला चीजचा तुकडा ठेवला.
‘पाणी सरासरीनं येत नाही,’ ती म्हणाली,
‘एका जागी येतं.
उंदराच्या बिळाएवढ्या.’
योरिस तुकड्याकडे बघत राहिला.
मग तो त्यानं खाल्ला.
‘पुन्हा चालव,’ म्हणाला, तोंड भरलेलं असताना.

तीनदा चालवलं. तीन वेगळ्या उंच्या आल्या.
निबंधात तिन्ही दिल्या, आणि तळटीप:
एकोणीस उत्तरं मिळाली नाहीत.
मी लिहिलं होतं,
मिळाली. आम्हाला वाचता आली नाहीत.
परीक्षकानं समासात लिहिलं, अशास्त्रीय,
आणि वाक्य गेलं.

बांध आहे तेवढाच आहे.
निधी पुढच्या वर्षी, म्हणतात.

माझी खोली शोधून काढली. खाली.
एक मीटर दहा.
पलंगाशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली आहे,
घरमालकाला दिसणार नाही इतकी बारीक.
उभी असले की ती कमरेच्या जरा वर येते.
आडवी झाले की
मान उचलून बघावी लागते.